सायरन झाला होता

नाना, तुम्हाला लिहायचं तर आधी वाऱ्याची दिशा लिहायला हवी, नाहीतर तुम्ही पुढचं वाचायचे नाहीत. तर वारा पश्चिमेचा आहे, झाडं वाकवणारा, आणि आकाशाचे आठच्या आठ भाग भरलेले. अटलांटिकच्या काठावरच्या ह्या एनिस गावात हे लिहिण्यात काही पराक्रम नाही; इथे बहुतेक दिवशी हेच लिहावं लागेल. रविवारची दुपार आहे, नवरा मुलीला घेऊन पोहण्याच्या तलावावर गेला आहे, आणि मी सकाळपासून तीनदा कागद घेऊन बसले नि तीनदा उठले. एकदा दोरीवरचे कपडे आत आणायला, एकदा ऊन पडलंसं वाटून तेच कपडे पुन्हा बाहेर टाकायला, एकदा उगीचच. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहायला घेतलं ते असं. पुढच्या महिन्यात तुमची सून धाकट्याचं घर सोडून नागपूरला परत चालली आहे, एकटी. मारहाण नाही, दुसरं कुणी नाही, सासूचा जाच नाही. एका वादळामुळे चालली आहे, आणि तेही सात वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या. ह्यात माझा हात किती ते मला कुणाला तरी सांगायचं आहे, आणि जिवंत माणसांपैकी ज्याला सांगायला हवं त्याच्यासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते.

तुम्ही आम्हाला वाढवलंत ते गावाबाहेरच्या वेधशाळेच्या क्वार्टरमध्ये. वेधशाळा म्हणजे तरी काय, तारेच्या कुंपणातलं गवत, त्यात चार पायांवर उभी असलेली पांढरी झडपांची पेटी, पाऊस मोजायचं भांडं आणि खांबावर वारा दाखवणारा बाण. सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच. कुणाचं लग्न असो की मयत, त्या वेळेला तुम्ही पेटीपुढे. मग मान वर करून आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी भरलेत ते वहीत लिहायचं. वहीतले आकडे पुण्याच्या मुख्य वेधशाळेला जायचे. धाकट्याला खांद्यावर बसवून तुम्ही ते शिकवलंत, आणि त्याला दर वेळी नऊ भाग दिसायचे. ‘ह्याला जरा जास्तच दिसतं,’ असं तुम्ही आईला कौतुकानं सांगायचात. एका उन्हाळ्यात वावटळ आली आणि जिनिंगच्या कारखान्याचे पत्रे उडवून गेली, तेव्हा गावात ज्याच्या त्याच्याकडे कारण तयार होतं. कुणी म्हणे देवीचा भंडारा चुकला, कुणी म्हणे धरण बांधलं म्हणून, कुणी म्हणे अणुबाँबच्या चाचण्या. तुम्ही न्हाव्याच्या खुर्चीत होतात, मी बाकावर धाकट्याच्या केसांची पाळी यायची वाट बघत बसलेली. न्हाव्यानं विचारलं, ‘नाना, तुम्ही खात्यातले, तुम्हीच सांगा कशामुळे झालं ते.’ तुम्ही साबणाच्या फेसातून म्हणालात, ‘वारा नैऋत्येचा होता. पाच मिनिटं टिकला. कारण पुण्याला मिळतं.’ दुकानातली माणसं हसली. मला मात्र तुमची लाज वाटली. जन्मभर आकाशाकडे बघणाऱ्या माणसाला कारण माहीत नाही म्हणजे काय? मला कारण हवं असायचं, तेही लगेच. अजूनही तसंच आहे.

मी तेरा वर्षांची असताना तुम्हाला ताप भरला आणि साडेपाचची नोंद मला घ्यायला सांगितलीत. मी पेटीपाशी गेलेच नाही. मैत्रिणीकडून आणलेलं मासिक संपत आलं होतं, शिवाय कुंपणाजवळ ते लाळ गाळणारं कुत्रं बसलेलं असायचं. सकाळचे आकडे समोर होते, रोजचा चढउतार मला तोंडपाठ होता. संध्याकाळी किती असेल ते मी डोक्यात बसवलं आणि लिहून टाकलं. जेवणाआधी तुम्ही पांघरूण गुंडाळून उठलात, वही पाहिलीत आणि विचारलंत, ‘ओल्या तापमापकाची वात कशी होती?’ मी म्हटलं, ‘ओली.’ पेटीतल्या त्या तापमापकाच्या टोकाला गुंडाळलेली, कायम भिजती ठेवायची वात त्या दिवशी वाळून कडक झाली होती, आईनं ते दुपारीच तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही हात उगारला नाहीत. ‘तू खोटं लिहिलं असतंस तर मला राग आला असता,’ तुम्ही म्हणालात. ‘खोटं हे खोटं आहे, एवढं लिहिणाऱ्याला तरी ठाऊक असतं. तू अंदाज लिहिलास, आणि आता तो तुलाच खरा वाटायला लागलाय.’ मग लाल शाईनं त्या ओळीवर रेघ मारून बाजूला ‘पाहिले नाही’ असं लिहिलंत, सरकारी वहीत, स्वतःच्या सहीनं. मी महिनाभर तुमच्याशी धड बोलले नाही. एवढ्या एका आकड्यानं कुणाचं काय वाकडं होणार होतं, असं माझं म्हणणं होतं.

आता माझं काम ऐका, तुम्हाला हसू येईल. इथून शॅननच्या बाजूला जाताना एक कारखाना आहे, तिथे रक्तवाहिनीत घालायच्या बारीक नळ्या बनतात. एखादी नळी सदोष निघाली की ती का निघाली हे शोधून काढायचं काम माझं. त्याचा फॉर्म असतो, त्यात ‘मूळ कारण’ असा एक चौकोन असतो आणि तो रिकामा ठेवायची सोय नाही. म्हणजे तुमच्या मुलीला अखेर कारणांचीच नोकरी मिळाली, आणि तीही पुण्याला न विचारता करायची. त्या चौकोनात कुणी ‘माणसाची चूक’ असं लिहून मोकळं झालं की माझं डोकं फिरतं. ते कारण आमच्याकडे चालत नाही. माणूस का चुकला, त्याला काय दिसलं नव्हतं, त्याला कुणी काय सांगितलं होतं, ते सगळं खणून काढावं लागतं. मी असे फॉर्म परत पाठवते, त्यामुळे लाइनवर माझं नाव फारसं प्रेमानं घेतलं जात नाही. आमच्या सुपरवायझर बाई म्हणतात, ‘तू गायीलासुद्धा विचारशील, बाई गं, तू उभी का?’ ह्याच कारखान्यात दर सोमवारी दहा वाजता आगीचा भोंगा वाजवून बघतात. पहिल्या सोमवारी मी एकटीच धावत बाहेर जाऊन पार्किंगमध्ये पावसात उभी राहिले होते. ती गोष्ट अजून कॅन्टीनमध्ये नव्या माणसांना सांगतात. दोनतीन आठवड्यांत मीही तयार झाले. भोंगा वाजला की मान वर करायची नाही, ‘ग्रँड, सोमवार आहे,’ म्हणायचं (ग्रँड म्हणजे इथे ‘ठीक आहे’) आणि चहा प्यायचा.

तुम्ही गेलात तेव्हा धाकटा पंधरा वर्षांचा होता. चार वर्षांनी आई गेली, आणि मग त्याला माझ्याशिवाय नि मला त्याच्याशिवाय कुणी उरलं नाही. मी लग्न करून नवऱ्याच्या नोकरीपाठी इकडे आले. धाकटा कॉम्प्युटरच्या कामावर अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखात गेला, जिथे म्हणे घराच्या पायरीवर उभं राहिलं की उद्याचं हवामान आजच दिसतं. तुमची सून नागपूरची, दातांची डॉक्टर. तिथे प्रॅक्टिस करायची तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते, म्हणून ती घरी प्लास्टरच्या दातांवर तासन् तास काम करत बसायची. तिथल्या त्यांच्या गावात दर शनिवारी दुपारी बारा वाजता वादळाच्या सायरनची टेस्ट व्हायची. पहिल्या शनिवारी ती जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली होती. तिनं मला ते फोनवर सांगितलं, मी तिला माझं पार्किंगमधलं सांगितलं, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. आमची गट्टी जमली ती तिथपासून. ती मला ताई म्हणते, धाकट्याचं ऐकून.

तो शनिवार होता, मे महिन्यातला. इथे संध्याकाळचे आठ वाजलेले, बाहेर अजून लख्ख उजेड. तिथे दुपारचे दोन. धाकटा शनिवार असूनही ऑफिसला गेला होता. मी फोन लावला आणि सुरू झाले. त्या आठवड्यात मला मिळायची ती बढती दुसऱ्याच एकाला मिळाली होती, माझ्यामागून आलेल्या, मी काम शिकवलेल्या माणसाला. इथे ते दुःख कुणापुढे सांगायची सोय नव्हती. ती ऐकणारी होती. ‘अय्या, असं कसं’, ‘मग तुम्ही काय म्हणालात’, असं मधेमधे घालत मनापासून ऐकायची. मी अगदी रंगात आले होते, आणि तिच्या मागून तो आवाज आला, लांबून, हळूहळू चढत जाणारा.

‘ताई, सायरन होतोय,’ ती म्हणाली.

‘शनिवार ना आज? टेस्ट असेल.’

‘पण टेस्ट बाराला असते. आता दोन वाजलेत. आणि आकाश कसंतरीच दिसतंय हो, हिरवट.’

‘अगं, उशिरा घेत असतील. आमच्याकडे सोमवारची टेस्ट कधी कधी जेवणानंतर होते. तू ऐक ना, मग तो मला काय म्हणाला...’

शब्दन् शब्द हेच, नाना. मला माझं वाक्य पुरं करायचं होतं. तिकडे आकाश हिरवं झालेलं आणि मी अटलांटिकच्या ह्या काठावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. ती काचेच्या सरकत्या दारापाशी उभी राहून, फोन कानाला लावून, माझं ऐकत राहिली. तिच्या वयाच्या तिथल्या मुलीनं फोन टाकून पळ काढला असता. ही नागपूरची, नवी सून. मोठी नणंद बोलत असताना मधे ‘ठेवते’ म्हणायचं कसं, ह्याच पेचात असणार. चारेक मिनिटं गेली असतील. मग लाइन तुटली. मला वाटलं कॉलिंग कार्ड संपलं. मी चरफडले आणि भात लावला.

त्या दुपारी त्या मुलखात एक नव्हे, एकामागून एक टोर्नेडो उतरले, पार तीन राज्यांत. आपली वावटळ त्याच्यापुढे पोरखेळ. त्यातला एक त्यांच्या गल्लीतून गेला. काचेचं दार फुटल्यावर ती आत बाथरूमकडे धावली आणि मधल्या खोलीची चौकट तिच्या उजव्या हातावर आली. जीव वाचला, डोळे वाचले, चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं मात्र अजून वळत नाहीत. दातांच्या डॉक्टरचा उजवा हात गेला म्हणजे काय गेलं, ते मी तुम्हाला सांगायला नको. तिसऱ्या दिवशी मी तिला हॉस्पिटलमध्ये फोन केला तेव्हा मी काही बोलायच्या आतच ती खालच्या आवाजात म्हणाली, ‘ताई, मी ह्यांना सांगितलंय की सायरन ऐकूच आला नाही. तुम्ही काही बोलू नका.’ मी म्हटलं, ‘का गं?’ ‘तुमच्यावर चिडतील. नाना नाहीत, आई नाहीत, तुमच्याशिवाय त्यांना आहे कोण? हात काय, होईल बरा.’ सव्वीस वर्षांची मुलगी, हाताला प्लास्टर, आणि ती माझं माहेर वाचवत होती. मी म्हटलं, ‘बरं.’

मग धाकट्यानं चौकशी सुरू केली. आधी ती साधीच होती. गावच्या कचेरीनं सांगितलं, सायरन वाजला. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, वाजला. कोपऱ्यावरचा माणूस म्हणाला, आठवत नाही. आणि घरात हजर असलेली त्याची स्वतःची बायको, शिकलेली, शुद्धीवर असलेली, सांगत होती की ऐकूच आला नाही. त्यानं बायकोवर विश्वास ठेवला. कुठल्याही चांगल्या नवऱ्यानं तेच केलं असतं. मग प्रश्न आला, आमच्याच गल्लीतला सायरन बंद का होता? तो बंद होता तर कचेरी खोटं का बोलते? वादळ कुठून जाणार हे कुणाला आधीच ठाऊक होतं का? आणि ठाऊक होतं असं एकदा धरलं की वादळ मुळात आलं की आणलं, हा प्रश्न उरतोच. पहिली पायरी चुकीची होती, पण तिच्यावरच्या सगळ्या पायऱ्या त्यानं इंजिनिअरच्या शिस्तीनं बांधल्या. रोज त्याच्या मेल्स येत. उत्तरेकडे बर्फात अँटेनांची रांग उभी आहे, ती आकाश तापवते. विमानांमागे राहणाऱ्या पांढऱ्या रेघांत काहीतरी मिसळलेलं असतं. सूर्यावरचे डाग. समुद्राचं तापलेलं पाणी. लष्कर. ह्यातल्या समुद्राबद्दल, हवा तापण्याबद्दल शहाणीसुरती माणसंही बोलतात, पण हातचं राखून. धाकट्यानं सगळ्यांनाच एका पंगतीला बसवलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं मी त्याला लिहिलं. त्यानं लिहिलं, कावळ्याला कुणी बसवलं ते बघायला नको का?

मी पुस्तकं मागवली, रात्रंदिवस वाचलं. दक्षिणेच्या आखाताकडून येणारी दमट हवा, पश्चिमेकडून कोरडी, वर वेगळ्याच दिशेनं धावणारा थंड वारा, आणि त्यांच्या कचाट्यात सापडून गरगरायला लागलेला ढग, हे सगळं मी त्याला चित्रं काढून पाठवलं. शेवटी प्रामाणिकपणे हेही लिहिलं की सगळं जुळून आलं तरी एक ढग जमिनीवर उतरतो आणि त्याच्या शेजारचा नुसता गडगडून निघून जातो, असं का, ते अजून कुणालाच नीटसं सांगता येत नाही. ‘बघ,’ त्याचं उत्तर आलं, ‘स्वतःच मान्य करतात. माहीत नाही म्हणतात म्हणजे सांगायचं नाही.’ सात वर्षं मी त्याच्याशी असा वाद घातला, नाना. माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं ज्ञान त्याच्यापुढे ओतलं, फक्त मला जे पक्कं माहीत होतं तेवढं सोडून.

मागच्या उन्हाळ्यात दोघं आमच्याकडे आली. तुमचा धाकटा आता पोट सुटलेला, कानशिलांवर पांढरा झालेला. हसला की अजून तोच. आमच्या घरामागे ज्याचं शेत आहे त्या म्हाताऱ्याच्या गवताच्या शेडचे पत्रे आदल्या ऑक्टोबरात एका वावटळीनं उचलून नेले होते. इथे क्वचितच येते, पण येते. धाकट्याला ते कळल्यावर तो थांबतोय कसला. कुंपणापाशी उभं राहून त्यानं म्हाताऱ्याला विचारलं, कशामुळे झालं असेल? म्हातारा म्हणाला, ‘माझ्या भावामुळे. शेतात जुना गोल बांध होता, परींचा, त्याला त्यानं ट्रॅक्टर लावला. सांगितलं होतं मी, पण ऐकेल तर तो भाऊ कसला!’ इथले जुने लोक वावटळीला परींचा वारा म्हणतात. आपण पोरं वावटळीत भूत असतं म्हणून थुंकायचो, तसलंच काहीतरी. धाकट्यानं विचारलं, ‘तुमचा खरंच विश्वास आहे ह्यावर?’ ‘छे, अजिबात नाही,’ म्हातारा म्हणाला, ‘पण मी ट्रॅक्टर लावला नसता.’ धाकटा इतका हसला की डोळे पुसायला लागला. ती माझ्याशेजारी उभी होती, तिनं माझा दंड घट्ट धरला. किती दिवसांनी हे हसले, असं पुटपुटली. आणि तेवढ्यात त्यानं खिशातून वही काढली आणि जवळपास एखादा टॉवर आहे का, असं म्हाताऱ्याला विचारलं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात ती डाव्या हातानं ताटं प्रेसमध्ये लावत होती. भांड्यांच्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आता आम्हीही तेच म्हणतो. पाठमोरीच म्हणाली, ‘ताई, मीच चुकले. मला वाटलं दोन महिन्यांत निवळतील.’ तिनं आणखी एक ताट लावलं. ‘नव्या घराच्या बेसमेंटमध्ये तीन रेडिओ लावलेत. जेवायला वर येतात तेव्हासुद्धा कान खाली असतात. माझा हात कसा आहे हे विचारायचं कधीच थांबलेत हो. हात कुणी केला, एवढंच.’ मग ती वळली. ‘मी आता खरं सांगितलं तर म्हणतील, तुला कुणी पढवलं? तुम्ही सांगा, ताई. सगळं सांगा. तुमचं ऐकतील. चिडले तर चिडू देत, चिडतील तरी माणसासारखे. आणि ह्यानंही काही झालं नाही तर मी नागपूरला जाणार. बाबांच्या दवाखान्यात बसून पेशंटशी बोलेन तरी.’ तिनं हे आवाज न चढवता सांगितलं. मी म्हटलं, सांगते.

आणि परतायच्या आदल्या दिवशी मी सांगितलं. नवरा तिला आणि मुलीला घेऊन समुद्रावर गेला होता. मी भांडी घासत होते, धाकटा पुसून देत होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याला पटलं नाही. उलट त्यानंच माझी समजूत काढली. ‘ताई, इंटरनॅशनल लाइनवर असले आवाज येतातच. त्या दिवशी तर हवेत केवढं इंटरफरन्स होतं, मी तुला ग्राफ दाखवतो. तू सहा वर्षं हे डोक्यात घेऊन बसलीयेस? वेडी कुठली.’ असं म्हणून त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला आणि मला जवळ घेतलं. तेव्हा मला कळलं की त्याला आता काहीच पटायचं नाही. दोघं परत गेली. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत बघते, मग उन्हाळ्यापर्यंत बघते, असं करत तिनं आणखी एक वर्ष काढलं. गेल्या आठवड्यात त्याची मेल आली, दोन ओळींची. ‘ती जाते म्हणते. मी अडवणार नाही. कारण कळत नाही.’ ज्याच्याकडे जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण आहे त्यानं हे लिहिलं. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. कामावर फॉर्म उघडते आणि बंद करते. आत्ता हे लिहितानाही मी उठून फोनपाशी जाऊन आले. तिथे आता सकाळ असेल, तो घरीच असेल.

तुम्हाला पत्ता नाही, त्यामुळे हे कुठे टाकायचा प्रश्न नाही. तरी आणखी एक लिहायचं राहिलं आहे. मी वर लिहिलंय की मी त्याला सगळं सांगितलं. तसं झालं नाही, नाना. मी त्याला एवढंच सांगितलं की सायरन झाला होता आणि मी तो फोनवर ऐकला होता. ‘टेस्ट असेल’ हे मी म्हटलं होतं, ते नाही सांगितलं. जिभेवर होतं, आणि मी कढई घासत राहिले. तो ग्राफबिफ बोलला ते नंतर. त्याआधी त्यानं हातातलं ताट पुसायचं थांबवून मला विचारलं होतं, अगदी साध्या आवाजात, खरोखर उत्तर हवं असल्यासारखं: ‘सायरन झाला असता, ताई, तर ती काचेपाशी उभी कशाला राहिली असती? वेडी आहे का ती?’ मी म्हटलं, ‘काय माहीत.’ आणि त्याला पटत नाही असं दिसल्यावर मला बरं वाटलं. संध्याकाळी ती समुद्रावरून आली, पायाला वाळू तशीच, आणि दारातच तिनं डोळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘सगळं सांगितलं गं. नाही पटलं त्याला.’ तिनं डाव्या हातानं माझा हात धरला आणि मला थँक्यू म्हणाली.